एजंट टाकला की पॉड रिस्टार्ट, काढला की सुरळीत: जावा कंटेनर आणि सुरक्षा एजंट

जावाचं वेब अ‍ॅप्लिकेशन कुबरनेटीज या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर महिनोन्‌महिने विनातक्रार चालू असतं. मग ग्राहकाच्या ऑडिटमध्ये एक ओळ येते: रनटाइम सुरक्षा एजंट बसवा. एजंट टाकला जातो, टेस्टिंगला व्यवस्थित चालतो, प्रॉडक्शनला जातो आणि दोन-चार दिवसांत पॉड (अ‍ॅपचे कंटेनर ज्यात चालतात ते डबे) रिस्टार्ट व्हायला लागतात. कोणीतरी मेमरी वाढवतं. थोडे दिवस शांतता. मग पुन्हा तेच. शेवटी वैतागून एजंट काढतात आणि ऑडिटच्या एक्सेलमध्ये त्या ओळीपुढे "काम चालू आहे" असं लिहून ठेवतात. पुढच्या ऑडिटला पुन्हा पहिल्यापासून.

हे दुखणं सारखं उलटतं, कारण ते एक नाही. चार-पाच वेगवेगळी कारणं बाहेरून अगदी सारखी दिसतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मेमरी वाढवून ज्यांचं भागलं त्यांचं कारण मेमरी होतं. बाकीच्यांचा फक्त क्लाउडचा खर्च वाढला.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर बसून निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत पट्ट्यातल्या द्राक्ष पॅकहाउसांसाठी गाडी बुकिंग, गेटपास आणि वजनाच्या नोंदी ठेवणारी प्रणाली सांभाळतो. स्प्रिंग बूट, काही सेवा जावा ११ वर, काही १७ वर. जानेवारी ते एप्रिल हंगाम. तेव्हा पहाटेपासून बागेत काढणी सुरू होते आणि गाड्या लागायला लागल्या की बुकिंगचं पान बंद पडून चालत नाही. पाच मिनिटांत फोन येतो, आणि फोनवरची भाषा इथे लिहिण्यासारखी नसते. त्यामुळे "रिस्टार्ट होऊन परत वर येतोय ना, मग काय बिघडलं" हे आमच्याकडे चालत नाही.

एजंट म्हणजे काय ते थोडक्यात. जावा ५ पासून जेव्हीएमला, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला, "-जावाएजंट" हा पर्याय देता येतो. त्यात दिलेली जार फाइल अ‍ॅपच्या मेनच्या आधी चालते आणि क्लास लोड होताना त्याचा बाइटकोड बदलू शकते. सुरक्षा एजंट याच वाटेने डेटाबेसची क्वेरी, फाइल उघडणं, नवी प्रोसेस सुरू करणं, जेएनडीआय लुकअप (नावावरून बाहेरची वस्तू शोधून आणणं) अशा नाक्यांवर आपला पहारा बसवतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लायब्ररीतलं लॉगफोरशेल हे भगदाड उघड झालं (सीव्हीई-२०२१-४४२२८), आणि ऑडिटवाले हा मुद्दा का धरून बसतात ते तिथे कळतं: लायब्ररी अपडेट करायला वेळ लागला तरी त्या लुकअपवर कोणी उभं असेल तर हल्ला तिथेच अडतो. फाल्कोसारखी साधनं वेगळी. ती नोडवर, म्हणजे पॉड चालवणाऱ्या मशीनवर, बसून कर्नलच्या पातळीवर सिस्टीम कॉल बघतात. त्यांना कंटेनरात अचानक शेल उघडलेलं दिसतं, पण क्वेरीत कोणी काय घुसवलं ते दिसत नाही. ही पोस्ट जेव्हीएमच्या आत बसणाऱ्या एजंटबद्दल आहे.

आधी पॉड कशाने मेला ते बघा

एजंटच्या कन्सोलवर जाऊ नका, ग्राफानावर जाऊ नका. "क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड" करा आणि "लास्ट स्टेट" या मथळ्याखालच्या दोन ओळी वाचा: रीझन आणि एक्झिट कोड. मग "लॉग्ज" कमांडला "--प्रीव्हियस" जोडून आधीच्या कंटेनरचा लॉग काढा. हे लगेच करा, कारण कुबरनेटीज इव्हेंट मुळात फक्त एक तास जपून ठेवतं. पहाटे तीनला लाइव्हनेस प्रोबने (अ‍ॅप जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने बघणाऱ्या तपासणीने) पॉड मारला असेल तर सकाळी दहाला त्याचा इव्हेंट मिळणार नाही. हंगामात आम्ही इव्हेंट वेगळे लॉगमध्ये वळवून ठेवतो, तुम्हीही ठेवा.

एक्झिट कोड १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेसला सिगकिल (जागीच मारणारा सिग्नल) मिळाला. १४३ म्हणजे १२८ अधिक १५, सिगटर्म (आवरून बंद हो, असं सांगणारा सिग्नल). इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ पुढे आहे: १३७ दिसला की बहुतेक जण "मेमरी" म्हणून मोकळे होतात. रीझनमध्ये "ओओएमकिल्ड" लिहिलेलं असेल तरच ती मेमरी. रीझन नुसतं "एरर" आणि कोड १३७ असेल, तर बहुतेक वेळा कुबरनेटीजने आधी सिगटर्म पाठवला, ३० सेकंद वाट पाहिली, प्रोसेस बंद झाली नाही, म्हणून सिगकिल मारला.

आणि हे एजंट टाकल्यावरच का सुरू होतं? डॉकरफाइल बघा. आधी एंट्रीपॉइंट (कंटेनर सुरू होताना चालणारी कमांड) चौकटी कंसातला होता, म्हणजे थेट जावा. कोणीतरी एजंटचा पर्याय द्यायला "जावा_ऑप्ट्स" हे व्हेरिएबल वापरलं. जेव्हीएम ते व्हेरिएबल वाचतच नाही; ते टॉमकॅटच्या कॅटलिना स्क्रिप्टचं आहे, आणि स्प्रिंग बूटच्या जारला त्याचा पत्ता नसतो. मग व्हेरिएबल उलगडावं म्हणून एंट्रीपॉइंटला शेल स्क्रिप्ट जोडली गेली. स्क्रिप्टच्या शेवटी जावाची ओळ लिहिली, पण तिच्या आधी "एक्झेक" (शेलच्या जागी जावालाच बसवणारा शब्द) लिहायचं राहिलं. आता पीआयडी १, म्हणजे कंटेनरातली पहिली प्रोसेस, शेल आहे, जावा तिचं पोर. सिगटर्म शेलला मिळतो, ती पुढे देत नाही, जावाला काही कळत नाही आणि तिसाव्या सेकंदाला सगळंच उडतं. प्रत्येक डिप्लॉयमेंटला, प्रत्येक नोड ड्रेनला (नोड रिकामा करताना). चालू असलेल्या बुकिंगच्या रिक्वेस्ट अर्ध्यावर तुटतात आणि बोल लागतो एजंटला. एजंटचा यात काडीचा संबंध नाही. स्क्रिप्टमध्ये "एक्झेक" लिहा, किंवा त्याहून बरं, स्क्रिप्टच काढून टाका आणि "जावा_टूल_ऑप्शन्स" वापरा, जे जेव्हीएम स्वतः वाचतं.

टॉमकॅटवाल्यांसाठी एक वाक्य: तिथे एजंट "कॅटलिना_ऑप्ट्स"मध्ये द्या, "जावा_ऑप्ट्स"मध्ये नको. दुसरं व्हेरिएबल टॉमकॅट थांबवतानाही वाचलं जातं, म्हणजे बंद करणारी छोटी प्रोसेससुद्धा अख्खा एजंट उचलून बसते.

खरोखर मेमरीच असेल तर

आकडेमोड कागदावर करा. समजा लिमिट १ जीबी, म्हणजे १०२४ एमबी. मॅक्सरॅमपर्सेंटेज (लिमिटपैकी किती टक्के हीपला द्यायचे) ८० दिलंय. हीपची, म्हणजे अ‍ॅपच्या डेटाच्या जागेची, कमाल ८१९ एमबी. उरले २०५. या २०५ मध्ये मेटास्पेस (क्लासांची माहिती), कंपाइल झालेला कोड, थ्रेडांचे स्टॅक, डायरेक्ट बफर आणि जेव्हीएमची स्वतःची उठबस हे सगळं मावायला हवं. स्प्रिंग बूटमधल्या टॉमकॅटला मुळात २०० थ्रेडांची मुभा असते आणि ६४ बिट लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकला १ एमबी राखलेला असतो. सगळा वापरला जात नाही, पण लोड वाढला की वापर वाढतो. एजंट येण्याआधी हे कसंबसं बसत होतं. एजंट आपले शेकडो क्लास आणतो, तुमच्या क्लासांचा बदललेला बाइटकोड आणतो, त्यामुळे मेटास्पेस फुगतं. काही एजंटांचा नेटिव्ह भागही असतो. हे सगळं हीपच्या बाहेर.

टेस्टिंगला हे का दिसत नाही तेही यातच आहे. टेस्टिंगला हीप ८१९ पर्यंत कधी चढतच नाही, मग बाहेरच्यांना ऐसपैस जागा मिळते. प्रॉडक्शनला हंगामात हीप वर जाऊन बसतो आणि बाहेरच्यांची घुसमट होते. म्हणून "दोन-चार दिवसांनी".

उपाय म्हणजे लिमिट वाढवणं किंवा टक्का उतरवणं. नुसतं लिमिट वाढवून टक्का ८० च ठेवला तर वाढवलेल्या मेमरीचे चार हिस्से हीपलाच जातात आणि तहानलेल्याला पाचवा मिळतो. आमच्याकडे एजंट असलेल्या लहान सेवांना टक्का ६० ते ६५ ठेवतो. मोठ्या पॉडला, ४ जीबीच्या वर, ७५ ला हरकत नाही, कारण एजंटचं ओझं हीपच्या प्रमाणात वाढत नाही.

मोजायचं असेल तर "नेटिव्हमेमरीट्रॅकिंग=समरी" लावून पॉड चालवा आणि "जेसीएमडी"ने आकडे काढा. या मोजमापाचा वेगावर ५ ते १० टक्के भार पडतो, त्यामुळे एकाच पॉडवर, तात्पुरतं. आणि त्यात फक्त जेव्हीएमने स्वतः घेतलेली मेमरी दिसते. एजंटच्या नेटिव्ह लायब्ररीने परस्पर घेतलेली दिसत नाही. कंटेनरचा एकूण वापर आणि हा आकडा यांत मोठी तफावत दिसली तर बोट तिकडे दाखवा.

इथे एक खड्डा आहे. "जावा_टूल_ऑप्शन्स" सगळ्याच जेव्हीएम वाचतात, नुसतं तुमचं अ‍ॅप नाही. पॉडमध्ये शिरून तुम्ही "जेसीएमडी" चालवलं की ती दुसरी जेव्हीएम सुरू होते आणि तीही एजंट घेऊनच उठते. काठावर असलेल्या कंटेनरात हे एवढंच पुरतं: निदान करायला गेलात आणि रोगी तुमच्या हातात गेला. "एन्व्ह -यू जावा_टूल_ऑप्शन्स" पुढे लावून मगच "जेसीएमडी" चालवा. हेच "कीटूल"चं. हेच, आणि हे जास्त वाईट, जावाची कमांड चालवणाऱ्या लाइव्हनेस प्रोबचं: दर १० सेकंदांनी एक नवी जेव्हीएम, दर १० सेकंदांनी एक नवा एजंट. प्रोब एचटीटीपीची ठेवा. जावा ९ पासून "जेडीके_जावा_ऑप्शन्स" हे व्हेरिएबल आहे, ते फक्त "जावा" ही कमांड वाचते, "जेसीएमडी" वाचत नाही. जमत असेल तर एजंट तिथे द्या.

जुन्या जावावर असाल तर आणखी एक शक्यता बघून ठेवा. क्लाउडवाल्याने नोडची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली आणि ती सीग्रुप व्ही२ वर (कंटेनरला मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीची नवी आवृत्ती) गेली, तर जुन्या जेव्हीएमला कंटेनरचं लिमिट दिसत नाही. ती अख्ख्या नोडची मेमरी आपलीच समजते. जावा ८ मध्ये ८यू३७२ आणि ११ मध्ये ११.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्यांना हा त्रास होतो. एजंट आणि नोड अपग्रेड एकाच पंधरवड्यात झाले तर सगळे एजंटच्या मागे लागतात.

कोड १४३ आणि पॉड कधीच तयार होत नाही

हे सोपं आहे. एजंट सुरुवातीला प्रत्येक क्लास तपासतो, म्हणून अ‍ॅप उठायला वेळ लागतो. त्यात सीपीयू लिमिट ५०० मिली असेल तर प्रत्येक १०० मिलिसेकंदांत जेव्हीएमला ५० च मिळतात, आणि सुरू होण्याचं काम सगळं सीपीयूचंच असतं. लाइव्हनेस प्रोबची मूळ मापं आहेत १० सेकंदांना एकदा, ३ वेळा नापास झालं की मार. अ‍ॅप अजून डोळे चोळत असतं आणि क्युबलेट (नोडवर बसलेला कुबरनेटीजचा कारभारी) त्याला मारून पुन्हा उठवतो. कधीच न संपणारं चक्र.

लोक "इनिशियलडिलेसेकंड्स" वाढवतात. त्यापेक्षा स्टार्टअप प्रोब लावा, कुबरनेटीज १.२० पासून ती स्थिर आहे. १० सेकंदांना एकदा, ३० वेळा: म्हणजे अ‍ॅपला ५ मिनिटं मिळतात, आणि एकदा ती पास झाली की लाइव्हनेस आपल्या नेहमीच्या कडकपणाने सुरू होते. डिले वाढवला तर लवकर उठलेला पॉडही तेवढा वेळ पहाऱ्याशिवाय राहतो.

उठायला नेमका ३० किंवा ६० सेकंदांचा गोल आकडा जास्त लागत असेल, तर सीपीयूवर संशय घेऊ नका. तो टाइमआउट आहे. एजंट सुरू होताना आपल्या कन्सोलशी बोलू पाहतोय आणि नेटवर्क पॉलिसीने बाहेरची वाट बंद केलीय. कन्सोलचा पत्ता उघडला तरी डीएनएसचं ५३ पोर्ट उघडायला विसरतात. मध्ये प्रॉक्सी असेल तर तिचं सर्टिफिकेट जावाच्या स्वतःच्या ट्रस्टस्टोअरमध्ये घालावं लागतं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या यादीत घालून जेव्हीएमला बहुतेक वेळा काही कळत नाही.

लॉगमध्ये "शेअरिंग इज ओन्ली सपोर्टेड फॉर बूट लोडर क्लासेस" अशी ताकीद दिसेल. घाबरू नका. एजंटने बूट क्लासपाथला आपली भर घातली, म्हणून आधी साठवलेले क्लास पूर्ण वापरता येत नाहीत, एवढाच अर्थ. सुरुवात थोडी मंदावते, बाकी काही नाही.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

आता असं लक्षण, ज्याचा एजंटशी संबंध आहे हे कोणाला वाटतच नाही.

एजंट वेबहुकने घातला, म्हणजे पॉड बनताना त्यात आपोआप बदल करणाऱ्या सेवेने. पॉड रिस्टार्ट नाही, एरर नाही, कन्सोल हिरवं. दुसऱ्या दिवशी दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाउसमधून गेटपासच्या सीएसव्हीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात "?????? ?????". गावाच्या रकान्यातही तेच. गाडी नंबर आणि वजन मात्र ठीक. खाली मेसेज: "दादा, हे काय पाठवलंय? गेटवरचा माणूस गाडी आत सोडेना."

स्क्रीनवर नावं नीट, डेटाबेसमध्ये नीट, फक्त फाइलमध्ये चिन्हं. त्याच दिवशी दुसऱ्या सेवेत "जावा हीप स्पेस" ही एरर यायला लागली, मेमरीचं लिमिट तेच असताना. दोन्ही गोष्टी एकाच जागेवरून आल्या होत्या.

आमच्या सेवांना "जावा_टूल_ऑप्शन्स" कॉन्फिगमॅपमधून (सेटिंग ठेवायची कुबरनेटीजची जागा) मिळत होतं, "एन्व्हफ्रॉम" लावून. त्यात दोन पर्याय: मॅक्सरॅमपर्सेंटेज आणि फाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-८. वेबहुकने पॉडच्या "एन्व्ह" यादीत त्याच नावाचं नवं व्हेरिएबल घातलं, ज्यात फक्त एजंट होता. कुबरनेटीजमध्ये "एन्व्ह" आणि "एन्व्हफ्रॉम" या दोन्हीकडे एकच नाव असेल तर "एन्व्ह" जिंकतं. आमचे दोन्ही पर्याय गायब, एका शब्दाची एरर नाही.

मग मॅक्सरॅमपर्सेंटेज मूळ २५ वर गेलं: १ जीबीच्या पॉडला २५६ एमबी हीप. आणि एन्कोडिंग? कंटेनरात सहसा लोकेल दिलेलं नसतं, जावा १७ आणि त्याआधी अशा वेळी मूळ कॅरॅक्टर सेट अ‍ॅस्की ठरतो, आणि अ‍ॅस्कीत देवनागरी बसत नाही म्हणून प्रत्येक अक्षराजागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. जावा १८ पासून मूळ सेट यूटीएफ-८ झालाय, तिथे हे घडणार नाही. फाइलींच्या नावांचं एन्कोडिंग मात्र अजूनही लोकेलवरून ठरतं, त्यामुळे इमेजमध्ये "लँग=सी.यूटीएफ-८" लिहून ठेवणं कधीही चांगलं. आमच्या ज्या ज्या सेवा फाइल लिहिताना कॅरॅक्टर सेट स्पष्ट सांगत होत्या त्यांना काहीही झालं नाही. खरं तर कोड तसाच असायला हवा, पण दहा वर्षांचा जुना कोड सांभाळणाऱ्याला हे सांगून उपयोग नाही.

तपासायची रीत: पॉडच्या लॉगची अगदी पहिली ओळ. "पिक्ड अप जावा_टूल_ऑप्शन्स:" आणि पुढे जेव्हीएमला खरोखर मिळालेला मजकूर. यामलमध्ये काय लिहिलंय, हेल्मच्या (कुबरनेटीजवर अ‍ॅप बसवायचं साधन) व्हॅल्यूजमध्ये काय आहे, वेबहुकच्या दस्तऐवजात काय वचन दिलंय, यातलं काहीही मानू नका. ही एक ओळ माना. तिथे तुमचे पर्याय आणि एजंट दोन्ही दिसले पाहिजेत. एकाच "एन्व्ह" यादीत एकच नाव दोनदा आलं तर शेवटचं चालतं, त्यामुळे हेल्म चार्टमध्ये कोणी खाली आणखी एक ओळ जोडली तर उलटंही होतं: तुमचे पर्याय राहतात, एजंट जातो.

उपाय म्हणून आम्ही आपले पर्याय "जेडीके_जावा_ऑप्शन्स"मध्ये हलवले आणि "जावा_टूल_ऑप्शन्स" हे नाव पूर्णपणे वेबहुकला सोडून दिलं. एजंटच "जेडीके_जावा_ऑप्शन्स"मध्ये द्या असं मी वर म्हणालो, पण वेबहुक कोणतं व्हेरिएबल वापरतो ते बहुतेकदा आपल्या हातात नसतं. दोघांनी एका खुर्चीवर बसायचं नाही, एवढं पाळलं की पुरे.

मॉनिटरिंगचा एजंट आधीपासून असेल तर तोही याच ओळीत दिसायला हवा. दोन एजंट असतील तर ते लिहिलेल्या क्रमाने सुरू होतात. क्रम बदलून बघणं हा खरा उपाय आहे, अंधश्रद्धा नाही. एकाने बदललेला क्लास दुसऱ्याच्या हातात जातो.

सोमवारी एजंट गायब

रिस्टार्टपेक्षा हे वाईट, कारण काहीच बंद पडत नाही आणि म्हणून कोणी बघत नाही. आठवडाभर सगळे पॉड एजंटसह. सोमवारी सकाळी कन्सोलवर निम्मेच दिसतात. कोणी डिप्लॉयमेंट केलेलं नसतं. सगळे पॉड हात लावून रिस्टार्ट केले की परत सगळे दिसतात, म्हणून "कन्सोलचा काहीतरी प्रॉब्लेम" म्हणून सोडून देतात.

रविवारी रात्री नोड पूल आपोआप अपग्रेड होतो. एकेक नोड रिकामा केला जातो. त्यातल्या एका नोडवर वेबहुकचा स्वतःचा पॉड असतो, आणि तो एकच असतो. तो खाली गेला आणि दुसरीकडे उठेपर्यंत तुमचे पॉडही नव्या नोडवर तयार व्हायला लागले. वेबहुकला विचारलं, उत्तर नाही. अशा वेळी काय करायचं ते "फेल्युअरपॉलिसी" ठरवते. कुबरनेटीजचं मूळ मूल्य "फेल" आहे, पण एजंटबरोबर येणाऱ्या चार्टमध्ये ते "इग्नोर" केलेलं आढळतं, म्हणजे एजंटशिवाय पॉड बनू द्या, गुपचूप. आणि वेबहुक पॉड बनतानाच काम करतो. तो नंतर उठला तरी आधीच बनलेल्या पॉडांकडे ढुंकून बघत नाही.

वेबहुकच्या दोन प्रती ठेवा, त्या वेगवेगळ्या नोडांवर पडतील अशी अट घाला, आणि एक तरी जिवंत राहील असं पॉड डिसरप्शन बजेट लावा. एवढ्याने बहुतेकांचं भागतं. पॉलिसी "फेल" करावी का? इंटरनेटवर उघड्या असलेल्या सेवांसाठी माझं उत्तर हो. "वेबहुक पडला तर सगळं बंद पडेल" ही भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. चालू पॉड चालूच राहतात, फक्त नवे बनत नाहीत. आतल्या आत चालणाऱ्या रिपोर्टच्या जॉबसाठी "इग्नोर" चालेल. "फेल" करताना क्यूब-सिस्टम आणि वेबहुकची स्वतःची नेमस्पेस सिलेक्टरने वगळा. नाहीतर वेबहुक पडल्यावर त्याचाच पॉड बनायला त्याचीच परवानगी लागेल.

वर एक रोजचा क्रॉनजॉब: वेबहुक पॉडमध्ये जो इनिट कंटेनर (अ‍ॅपच्या आधी चालून जार आणून ठेवणारा) घालतो, तो नसलेले पॉड शोधायचे आणि यादी टीमच्या ग्रुपवर टाकायची. रिकामी यादी आली तरी टाकायची, म्हणजे जॉब चालतोय हे कळतं.

किरकोळ, पण रात्र घालवणारं

"एरर ओपनिंग झिप फाइल ऑर जार मॅनिफेस्ट मिसिंग" असं लिहून जेव्हीएम उठायलाच नकार देते. वाचून वाटतं जार खराब झाली. बहुधा तसं नसतं. इनिट कंटेनरने रूट म्हणून जार कॉपी केली, परवानगी ६००, आणि अ‍ॅप साध्या युजरने चालतंय. वाचता न आलेल्या फाइललाही हाच संदेश येतो. किंवा मल्टिस्टेज बिल्डमध्ये जार पहिल्या टप्प्यात आली आणि शेवटच्या इमेजमध्ये कॉपीच झाली नाही. किंवा एम्प्टीडिर (पॉडला मिळणारी तात्पुरती रिकामी डिरेक्टरी) थेट "/ऑप्ट"वर माउंट केली आणि इमेजमधलं "/ऑप्ट"खालचं सगळं झाकलं गेलं.

अल्पाइन इमेजवर "एलडी-लिनक्स" नावाची फाइल मिळत नाही म्हणून एजंटचा नेटिव्ह भाग रडत असेल, तर तो जीलिबसी या सी लायब्ररीसाठी बनलेला आहे आणि अल्पाइनमध्ये तिच्या जागी मसल आहे. जुगाड करू नका, बेस इमेज डेबियनची घ्या. थोडी मेगाबाइट वाचवण्यापायी सुरक्षा एजंटलाच शिम (जुळवून घेणारा मधला थर) लावून चालवणं मला पटत नाही.

रूट फाइलसिस्टम रीड-ओन्ली ठेवली असेल, ठेवायलाच हवी, तर एजंटला "/टेम्प" आणि त्याच्या लॉगची जागा एम्प्टीडिरने द्या. पण लॉग तिथेच राहू देऊ नका. पॉड गेला की एम्प्टीडिरही जाते, आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. एजंटला स्टँडर्ड आउटपुटवर लिहायला सांगा, बाकी लॉगबरोबर तेही गोळा होईल. २०२७ च्या सिंहस्थासाठी पार्किंग, निवास, गर्दी अशी कामं घेणाऱ्या शहरातल्या टीमना हा प्रश्न विचारला जाणारच आहे.

कन्सोलवर मेलेल्या सर्व्हरांची रांग लागली असेल तर एजंट पॉडचं होस्टनेम ओळख म्हणून वापरतोय. डिप्लॉयमेंटचं नाव लेबलमधून डाउनवर्ड एपीआयने (पॉडची माहिती त्याच्याच कंटेनरला देणारी सोय) व्हेरिएबलमध्ये द्या आणि एजंटला ते वापरायला लावा. लायसन्स सर्व्हरच्या संख्येवर असेल तर हे आजच करा.

अडवण्याचा मोड हंगाम संपल्यावरच सुरू करा. तोपर्यंत फक्त नोंद ठेवू द्या, आणि त्या नोंदी खरोखर वाचा. आमच्याकडे पहिल्या यादीत सगळ्यात वर होता आमचाच बॅकअपचा जॉब, जो अ‍ॅपमधून थेट शेल कमांड चालवत होता. एजंटची तक्रार रास्त होती. जॉब बाहेर काढला.

इतकं सगळं बघूनही पॉड पडतच असेल तर विक्रेत्याच्या सपोर्टला तिकीट टाका. ते एजंटचा डिबग लॉग मागतील. तो जसाच्या तसा पाठवू नका: डिबग पातळीवर एजंट पकडलेल्या क्वेरी त्यांच्या मूल्यांसकट लिहू शकतो, आणि त्यात शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आणि बँक खाती असतात. टेस्टिंगच्या डेटावर तोच प्रकार घडवून तो लॉग पाठवा, सोबत "डिस्क्राइब पॉड"चं आउटपुट आणि ती "पिक्ड अप" वाली ओळ. तेवढ्यावर पहिल्याच उत्तरात कामाचं काहीतरी मिळतं.